'छिद्राचा आकार' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: वायू वेगळे करणाऱ्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पटलावर, मराठीत लिहिताना 'पोअर साइझ'ला 'छिद्राचा आकार' म्हणावं का?

शक्यतो नको. 'आकार' म्हटलं की वाचक गोल की चौकोनी, असं विचारणार. 'आकारमान' शाळेच्या पुस्तकांनी आधीच अडवून ठेवलंय: घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. त्यातून रंध्रांचं एकूण आकारमान ही या विषयात वेगळी मोजली जाणारी राशी आहे, म्हणजे गोंधळ पक्काच. 'व्यास' गोल भोकाला ठीक. कार्बनच्या पटलात असतात त्या फटी, आणि फटीला कसला व्यास? म्हणून मी 'रुंदी' लिहितो. रसायनशास्त्राच्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेची वर्गवारीही रुंदीवरच बेतलेली आहे: २ नॅनोमीटरपर्यंत सूक्ष्मरंध्रं, २ ते ५० मध्यम, त्यापुढची स्थूल.

छिद्र की रंध्र? पर्णरंध्र, नासारंध्र यांतून वायूची ये-जा होते, म्हणून इथे 'रंध्र' शोभतं. 'सच्छिद्र' मात्र इतका रुळलाय की तो बदलायच्या फंदात पडू नये. आणि 'भोक' राखून ठेवावं दोषासाठी, पटल तयार करताना चुकून राहिलेल्या.

रुंदीचा आकडा देताना ती कशी मोजली तेही लिहा. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा गतिज व्यास (हालचाल करताना रेणू जेवढा रुंद ठरतो तो) ०.३३ नॅनोमीटर, नायट्रोजनचा ०.३६४, मिथेनचा ०.३८, निवड होते ती एवढ्याशा फरकावर. पारा दाबून मोजायचं तर ४०० मेगापास्कल, म्हणजे हवेच्या सुमारे चार हजार पट दाब लावूनही तो साधारण ३ नॅनोमीटरपेक्षा अरुंद रंध्रात शिरत नाही. वायू आत शिरवून मोजायचं तर उणे १९६ अंशांवरचा नायट्रोजन अगदी अरुंद फटींत इतका रेंगाळतो की मोजणी विश्वासाची राहत नाही. तिथे शून्य अंशावर कार्बन डायऑक्साइड वापरतात. थोडक्यात, हाती येते ती त्या त्या वायूला सापडलेली रुंदी.

पॉलिसल्फोन, पॉलिइमाइड अशा पॉलिमरच्या पटलांत तर 'रंध्र'ही चुकीचं ठरतं. त्यांच्या निवड करणाऱ्या थरात कायमची भोकं नसतातच. वायू आधी पटलात विरघळतो, मग पॉलिमरच्या लांब रेणूंच्या, म्हणजे साखळ्यांच्या, हालचालीने क्षणभर उघडणाऱ्या जागांतून पुढे सरकतो. या जागा मोजायला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धनभारित प्रतिकण, सोडतात. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या जोडीतून बनणारं पॉझिट्रॉनियम जितकं जास्त टिकेल तितकी जागा मोठी. त्यांना 'पोकळी' म्हणावं, आणि सगळ्या मिळून 'मोकळी जागा'.