पातेल्याची वाफ, थंड केळं आणि वैशाखातला घाम

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही यावल तालुक्यात राहतो. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. दिवाळी सरली की त्याला सर्दी धरते. मग सासूबाई त्याचं केळं बंद करतात. "थंड ऱ्हास, कफ व्हई जाई" म्हणतात. भरीत उष्ण म्हणून तेही नाही. रोज रात्री पातेल्यात पाणी उकळून, चादर पांघरून त्याला वाफ देतात. तो रडून घर डोक्यावर घेतो. यातलं खरं काय?

उत्तर : ताई, आधी पातेल्याचं बोलते. बाकीच्या गोष्टींनी लेकराला फारशी इजा नाही, याने होते. ते आजपासून बंद करा.

सर्दीचा विषाणू नाकाच्या पेशींच्या आत शिरलेला असतो. त्याला मारण्याइतकी गरम वाफ घेतली, तर आधी नाक भाजेल. वाफेनं चोंदलेलं नाक घडीभर मोकळं वाटतं, एवढंच. मोठ्या माणसाला तेवढं हवं असेल तर टेबलावर भांडं ठेवून, तोंड लांब धरून त्यानं घ्यावी. लहान मुलाला नाही.

वाफ उकळत्या पाण्याहून वाईट का भाजते, ते समजून घ्या. उकळतं पाणी एक ग्रॅम अंगावर पडलं, तर शरीराच्या तापमानाला येईतो ते साधारण ६३ कॅलरी उष्णता देतं (आहाराच्या तक्त्यातली मोठी कॅलरी नव्हे, भौतिकशास्त्रातली छोटी). तेवढ्याच वाफेचं कातडीवर आधी पाणी होतं आणि तिथंच ती ५४० कॅलरी सोडते. मग वरचे ६३ वेगळे. भाताच्या कुकरची शिट्टी उचलताना बोटाला लागलेला चटका आठवा.

आणि बहुतेक मुलं भाजतात ती पातेलं उलटून. चादरीखाली अंधार, मूल घाबरलेलं, ते पाय झाडतं आणि पातेलं थेट मांडीवर येतं. ६० अंशांचं पाणीसुद्धा मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजतं. मुलाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही.

कधी भाजलंच, तर कपडे आणि करगोटा लगेच काढा आणि वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नका. आपल्याकडे एक अडचण असते, ती कोणी सांगत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात लावू देत नाही. नळ सोडला की पहिलं तेच येतं. तेव्हा नळाच्या नादी लागू नका, माठातलं पाणी तांब्यातांब्यानं ओतत राहा.

वाफेऐवजी मेडिकलमधून सलाईनचे नाकाचे थेंब आणा. खोकल्याला रात्री अर्धा चमचा मध चालेल, पण फक्त वर्षावरच्या मुलाला. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून त्याचे श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. थेंब घालायचं काम सासूबाईंकडेच द्या. आजारी नातवासाठी हातानं काही केल्याशिवाय त्यांना झोप लागत नसणार, आणि ती माया खरी आहे.

आता केळं. ते पोटात गेलं की थोड्याच वेळात बाकीच्या अन्नासारखं ३७ अंशांवर येतं, आणि त्यानं छातीत कफ साठत नाही. रावेर-यावलच्या बागांतून घडांनी भरलेले ट्रक उत्तरेकडे जातात आणि ज्या घरात ते पिकतं तिथल्याच लेकराला हिवाळाभर मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आजारी मुलाला भूक नसते. मऊ, गोड, सोलून हातात देता येणारं दुसरं काय आहे?

भरताची गोष्ट वेगळी आहे. काड्यांवर भाजलेलं वांगं लाकडी बडगीत ठेचलं की ते गरम असतं, पण "उष्ण" वाटतं ते हिरव्या मिरचीमुळे. साधारण ४३ अंशांपासून पुढची उष्णता ओळखणारा एक संवेदक आपल्या जिभेच्या मज्जातंतूंवर असतो. मिरचीतलं कॅप्सायसिन त्यालाच चेतवतं आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजतंय. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हा संवेदक शोधला. २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. कपाळावर घाम येतो, तापमापकात ताप दिसत नाही. मिरची घालण्याआधी मुलाच्या वाटणीचं वांगं बाजूला काढा, त्यात मीठ आणि थोडं तेल घाला, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर खाऊ द्या.

आयुर्वेदातलं उष्ण-शीत हे हाताला लागणाऱ्या तापमानाबद्दल नसतं, पदार्थाच्या गुणाबद्दल असतं. त्याबद्दल वैद्यांना विचारावं. मी तापमापकाचं सांगितलं.

प्रश्न : मी पाचोऱ्याकडचा शेतकरी. उन्हातून आल्यावर लगेच गार पाणी पिऊ नये, सर्द-गरम होतं, असं वडील सांगतात. अर्धा तास तहानलेला बसतो. बरोबर आहे का?

उत्तर : भाऊ, बसू नका, प्या. घोट घोट प्या, कारण बर्फाचं पाणी गटागट ढोसलं तर कपाळात कळ येते, क्वचित पोटात मुरडा. दहा अंशांचं पाव लिटर पाणी साठ किलोच्या माणसाचं तापमान जेमतेम एक दशांश अंशानं उतरवतं. एवढ्यानं शरीर बिघडत नाही. उलट पाव लिटर घाम अंगावर वाळला, तर तो त्या गार पाण्याच्या वीसपट उष्णता घेऊन जातो. वाफ जी उष्णता देऊन भाजते, तीच घाम वाळताना अंगातून काढून नेतो. म्हणून थंडावा पाण्याच्या गारपणात कमी आणि घामात जास्त आहे. तो घाम तयार व्हायला पोटात पाणी हवं. माठाचं पुरेसं आहे.

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ वर गेला की हवा कातडीपेक्षा गरम असते. तेव्हा वाराही अंग तापवतो. घाम वाळणं हीच एक वाट उरते. कोरड्या झळांत तो इतक्या झटपट वाळतो की सदरा ओला लागतच नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर पांढरे नकाशे दिसतात ना, ते मीठ आहे. नुसतं पाणी पिऊन ते भरून निघत नाही. गूळ-मीठ घातलेलं कैरीचं पन्हं प्या, मीठ घातलेलं ताक प्या. काहीच नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. (चमचा चहाचा, आमटीचा नव्हे.) मृगाचा पहिला पाऊस पडला की हवा दमट होते, घाम वाळत नाही, कूलरही काम करेनासा होतो. तेव्हा पारा उतरला म्हणून निर्धास्त राहू नका. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा राहू द्या, पण त्याच्या भरवशावर दुपारी नांगर धरू नका.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला आणि अंग चटचटत असेल, तर तो उष्माघात समजा. शरीर ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. सावलीत आणा, सदरा काढा, अंगभर पाणी मारा आणि जोरात वारा घाला. ओल्या अंगाला वारा लागला तरच उष्णता निघते. नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. पाणी मारत असतानाच दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा, आणि गाडी येईपर्यंत पाणी व वारा थांबवू नका.