आईची वाटी किती ग्रॅमची?

प्रश्न : आईच्या बेसनलाडवाचं प्रमाण ४ वाट्या बेसन, २ वाट्या पिठीसाखर, १ वाटी पातळ तूप. यंदा ३ किलोची ऑर्डर आहे, म्हणून कपाच्या तक्त्यावरून वजन काढलं : बेसन ४८० ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम, तूप २२० ग्रॅम. लाडू गोडमिट्ट झाले आणि वळताना फुटले. आईची वाटी कपापेक्षा लहान आहे, त्यामुळे असं झालं का?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : नाही ताई, वाटीचा दोष नाही. सगळे जिन्नस एकाच वाटीनं घेतले, तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण तेच राहतं. लाडू तेवढे कमी-जास्त होतात. तुमची चूक साखरेत आहे. कपाला २०० ग्रॅम हा आकडा दाणेदार साखरेचा. दळल्यावर साखर फुलते. २४० मिलिलिटरच्या त्याच कपात पिठीसाखर साधारण १२० ग्रॅमच मावते. म्हणजे २४० च्या जागी ४०० ग्रॅम साखर पडली. एवढ्या साखरेला तूप पुरलं नाही, म्हणून लाडू फुटले. आईला विचारून घ्या, साखर मोजून दळायची की दळून मोजायची? माझ्या सासूबाई दळून मोजायच्या, आणि मी कित्येक वर्षं मोजून दळत होते.

बेसनाचं मात्र तक्त्यावर सोडू नका. माझ्या १५० मिलिलिटरच्या वाटीत चाळलेलं बेसन चमच्यानं अलगद भरलं तर ५८ ग्रॅम बसतं. डब्यात वाटी बुडवून वरून सपाट केली तर ७५, आणि ओट्यावर ठोकून भरली तर ९० च्या घरात. वाटी तीच, पीठही तेच! म्हणून वजनकाटा आईच्या पुढ्यात ठेवा, रिकाम्या वाटीसकट शून्यावर आणा आणि तिच्याच हातानं भरू द्या. ‘नीट भर’ म्हणू नका, नेहमी भरते तशीच भरू दे. तीनदा भरून सरासरी काढा. पीठही लाडवाचंच घ्या. जाडसर दळलेलं बेसन भज्यांच्या बारीक बेसनापेक्षा वाटीला जड भरतं.

पातळ तुपाची काळजी नको. लिटरभर तूप ९०५ ते ९१० ग्रॅम भरतं, पाकिटावरही बहुधा दोन्ही आकडे असतात. थिजलेलं रवाळ तूप शीग लावून घेतलं तर मात्र हिशेब चुकतो.

आई वाटी बुडवून सपाट करत असेल, तर माझ्या वाटीनं बेसन ३००, पिठीसाखर १६०, तूप १३६ ग्रॅम होतं, म्हणजे एक घाणा जवळपास ६०० ग्रॅमचा. ३ किलोला पाचपट : बेसन दीड किलो, पिठीसाखर ८०० ग्रॅम, तूप ६८० ग्रॅम. वेलदोड्याची पूड चमच्यानंच घाला.

वाटीचं माप खरं लागतं ते वजन आणि वाटी एकत्र लिहिलेली असते तिथे. आमच्या वहीत चकलीला ‘किलोभर भाजणीला एक वाटी मोहन’ असं आहे. ती वाटी घर बदलताना मी मोडीत दिली, आणि त्यानंतर दोन दिवाळ्या चकली तेलात विरघळली. तुमच्या आईची वाटी हाताशी आहे. काठोकाठ पाणी भरून वजन करा. जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलिलिटरची वाटी. तो आकडा आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.