ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको गेली काही वर्षं किल्ले फिरतोय. सह्याद्री ज्वालामुखीतून झाला हे शाळेपासून ऐकत आलो. पण एवढे गड चढूनही विवर म्हणावं असं काही दिसलं नाही. ते पाहायचं तर कुठे जावं?
– एक दांपत्य, चिंचवड

उत्तर : कुठेच जाऊ नका, मिळणार नाही. शाळेच्या पुस्तकातला शंकूसारखा डोंगर आणि टोकातून उसळणारा जाळ, ते चित्र जपान-इटलीकडचं. आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. तो पातळ होता. साचून त्याचा सुळका झाला नाही; तव्यावर घावनाचं पीठ पसरावं तसा तो पसरला, थिजला, त्यावर पुढचा आला. ही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आज झिजून उरलेला पसाराच ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि घाटमाथ्याकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. डोंगर नंतरचे. पावसानं आणि नद्यांनी ही रास कापली आणि जे उरलं त्यावर आपण तटबंदी घातली.

भेगेत थिजलेला लाव्हा पाहायची हौस असेल तर धुळे-नंदुरबारकडे जा. काळ्या दगडाच्या सरळसोट भिंती तिथे शेतांमधून मैलोगणती गेलेल्या दिसतात. मात्र अशी प्रत्येक भिंत म्हणजे लाव्हा ओतणारी भेगच होती, असं समजू नका.

किल्ल्यांवर पाहायचे ते थर. माळशेजच्या किंवा कोकणकड्याच्या भिंतीकडे लांबून पाहिलंत की पायऱ्या दिसतील : उभा कडा, मग झाडोऱ्याची आडवी पट्टी, पुन्हा कडा. ही झाली लांबची नजर. खरी मजा हातभर अंतरावर आहे. वाटेवर ताजा तुटलेला कातळ दिसला की त्यावर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा आणि दहापट दाखवणारं साधं भिंग लावा. (ओला दगड बोलतो, सुका नुसता करडा असतो. वर्गात मी पोरांना भिंगाआधी पाण्याची बाटली काढायला लावत असे.) थराच्या मध्यावरचा दगड घट्ट, एकजीव, काळा. वर सरकाल तसा तो भोकाभोकांचा होत जातो, कारण लाव्हातला वायू बुडबुड्यांनी वर चढला आणि साय धरलेल्या माथ्याखाली अडकला. ही भोकं पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरली. विहिरी खणणारे या दगडाला मांजऱ्या म्हणतात. थराच्या अगदी तळाशी कधीकधी बोटभर लांबीच्या उभ्या नळ्या दिसतात. त्यांची वरची टोकं एका बाजूला कललेली असली तर लाव्हा त्या बाजूला सरकत होता.

आणि दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसला तर तिथे बसाच. तो गेरू. खालच्या थराचा माथा उघड्यावर राहिला, कुजून त्याची माती झाली आणि वरून नवा लाव्हा आला. म्हणजे त्या पट्ट्याएवढा काळ सगळं शांत होतं. माझ्या मते अख्ख्या सह्याद्रीत याहून बघण्यासारखी गोष्ट नाही, पण लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. या चिकट पट्ट्यावर पाणी अडतं, म्हणून उन्हाळ्यातही तिथे ओल किंवा झरा सापडायची शक्यता असते.

आणखी एक. सगळ्या थरांना दक्षिणेकडे अगदी हलका उतार आहे. त्यामुळे कळसूबाई १६४६ मीटर उंच असूनही तिचे थर जुने आणि तिच्याहून बुटक्या महाबळेश्वरचा माथा नवा. भूशास्त्रज्ञांनी या थरांना गावांचीच नावं दिली आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. खालून वर असा हा क्रम आहे. पुढचा ट्रेक ठरवताना ही यादी जवळ ठेवा.

पाहणी जुन्या पायवाटांवर करा. घाटरस्त्याच्या वळणावर गाडी थांबवून दगड न्याहाळू नका, आणि पावसाळ्यात तर दरडीच्या जवळपासही फिरकू नका.

प्रश्न : मुलाला स्फटिकांचं वेड लागलंय. वाघोलीकडच्या खाणींत सुंदर दगड मिळतात म्हणे. हातोडी घेऊन जावं का?
– एक आई, हडपसर

उत्तर : खाणीत परवानगीशिवाय मुळीच नको. तिथे सुरुंग उडतात, कडे सैल असतात, आणि जागा कुणाच्या तरी मालकीची असते. गडावर आणि लेण्यांत तर हातोडी पिशवीतूनही काढायची नाही. वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत असतात हे खरंच. पण मुलाला आधी भरपूर पाहू द्या. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. पिवळसर गुलाबी स्टिलबाइट, हिरवा अपोफिलाइट, सगळं एका छताखाली. हे स्फटिक लाव्हातून थेट आलेले नाहीत. दगड थिजल्यावर त्याच्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि त्यातून स्फटिक सावकाश वाढत गेले. हे त्याला तिथे उभं करून सांगा. घरी ठेवायला हवाच असेल तर खाणमालकाला विचारून टाकाऊ खडीतून एखादा उचला, आणि त्यावर ठिकाण लिहायला लावा. ठिकाण न लिहिलेला नमुना म्हणजे शोभेची वस्तू.

प्रश्न : लोणारचं सरोवर ज्वालामुखीच्या मुखात आहे ना?
– एक विद्यार्थी, मेहकर

उत्तर : नाही. खडक ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आघातानं झालं. नुसत्या ज्वालामुखीतून घडणार नाही अशी काचेसारखी खनिजं तिथल्या दगडात सापडली आहेत. गाइड दुसरं सांगत असेल तर वाद घालू नका, सरोवर बघा.

प्रश्न : गुडघ्यांमुळे घाट चढणं संपलं. मुंबईतच काही पाहता येईल?
– एक निवृत्त वाचक, बोरिवली

उत्तर : येईल की! अंधेरीची गिल्बर्ट हिल. सुमारे ६० मीटर उंच, शेजारी शेजारी उभे केलेले दगडी खांब असावेत तसा कातळ. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि तडे उभे गेले, त्याचे हे खांब. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे, पण गुडघे दुखत असतील तर वर जायची गरज नाही. खांब खालूनच चांगले दिसतात. चहूबाजूंनी इमारती आणि वस्ती इतकी भिडलीय की मोकळी फट शोधत थोडं फिरावं लागेल. वरळीच्या टेकडीचंही ऐकून ठेवा : दोन लाव्हांच्या मधल्या काळात तिथे तळं होतं आणि त्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले, तेही एकोणिसाव्या शतकातच. आता त्यावर टॉवर उभे आहेत, तेव्हा तिथे जाऊन काही हाती लागणार नाही. अंधेरीलाच जा, रविवारी सकाळी, रिक्षा सहज मिळते.