बुद्धिबळाची पहिली ओपन टूर्नामेंट खेळतोयस ना, मग हे वाच

अरे ओपनिंगची काळजी सोड, पहिल्या राउंडला बहुतेक तुझ्यापेक्षा बऱ्याच जास्त रेटिंगचाच समोर येतो, स्विसमध्ये (म्हणजे कोणी बाद होत नाही, सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात ती पद्धत) तसंच असतं. हात सांभाळ फक्त. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी राजा उचल, हत्तीला आधी हात लागला की कॅसलिंग गेलं आणि हत्तीच हलवावा लागतो, मी असाच एक चांगला डाव घालवलाय (अजून डोकं फिरतं). आणि तीनदा तीच पोझिशन येत असेल तर चाल खेळून मग ड्रॉ मागू नकोस, आधी ती चाल शीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिही, घड्याळ थांबव, आर्बिटरला (पंचाला) बोलव, सोंगटीला हात न लावता. प्रत्येकाला ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद असा वेळ असेल तर शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात हां.