फोनवर बोलताना वाकते म्हणून मुलीला 'दुरुस्त' करायचंय?

नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नोकरीमुळे नऊ वर्षं टोकियोत निशिकासाईला होतात, मुलगी चार वर्षांची असल्यापासून तिथेच वाढली, जपानी शाळेत गेली, मग पुण्यात परत आलात, आता ती बारावी सायन्सला, आणि तुमचं म्हणणं की ती 'ना धड इकडची ना धड तिकडची' झालीय, फोनवर बोलताना जपान्यांसारखी वाकते, ऊठसूट सॉरी म्हणते, मल्टिनॅशनलमध्ये हिचं कसं व्हायचं. आणि हे तुम्ही पाहुण्यांसमोर, तिच्या देखत बोलता, असं तुम्हीच लिहिलंय! मार्कांचं सोडा, मला काळजी याची वाटली. तिला तिकडे नेलं तुम्ही, परत आणलं तुम्ही, आणि हिशेब मागताय तिच्याकडे. घरात जपानी बोलायला बंदी कशासाठी? तिचं बालपण त्या भाषेत गेलंय हो.

जेईई की सीईटी? दोन्ही देऊ दे, भर सीईटीवर. झालं.

आता 'एन-टू पास आहे, फार तर इंटरप्रीटर होईल' हे जे लिहिलंय ना, तिथे तुमचं चुकतंय. अहो, एन-टू ही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी, आणि त्या परीक्षेत बोलायचं काही नसतंच, ते सर्टिफिकेट पुण्यात बऱ्याच जणांकडे सापडेल. जपानी क्लायंट 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करतो' म्हणाला की आपली टीम खूष, आणि तो बहुतेक वेळा नकार असतो, मुलगी बघून गेल्यावर आपल्याकडे 'कळवतो' म्हणतात ना, तसला. उलट आपला इंजिनीअर 'होऊन जाईल' म्हणतो आणि तिकडचा मॅनेजर ती पक्की तारीख समजून बसतो. ही दोन्हीकडची गोम कळणारं माणूस लागतं, आयटीत त्याला ब्रिज इंजिनीअर म्हणतात, पण त्यासाठी आधी इंजिनीअर व्हावं लागतं, नुसत्या भाषेवर भागत नाही. आणि हो, अशा लोकांच्या गळ्यात भाषांतरं, पाहुण्यांची सरबराई असलं सगळं फुकटात मारलं जातं, तेव्हा ऑफर लेटरमध्ये काम काय लिहिलंय ते नीट वाचायला शिकवा तिला.

निशिकासाईत राहिलात म्हणजे २०१९ला तिथल्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले, मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक माहीत असतीलच. त्यांनाही ना धड इकडचे म्हणणार का?

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तिला काय करायचंय याची एक ओळ नाही. पुढचं पत्र तिला लिहू दे. जपानीत लिहिलं तरी चालेल, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.