स्कॅनमध्ये दोष दिसला म्हणून आरोपी सुटतो का?

सायकोपॅथ, म्हणजे दुसऱ्याबद्दल कळवळा किंवा पश्चात्ताप न वाटणाऱ्या माणसाचा मेंदूच वेगळा असेल, तर त्याला शिक्षा देणे अन्याय नव्हे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नव्हे. सोलापुरात फौजदारी वकिली करताना मी एका खुनाच्या आरोपीचे वकीलपत्र घेतले होते. पश्चात्ताप त्याला शिवला नव्हता. तुरुंगातल्या भेटीत तो फक्त जेवणाची तक्रार करी. त्याचे वडील एमआरआयची फिल्म घेऊन आले. मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या माझ्या साडूंनी हुरड्याला जमलेल्या सगळ्या नातलगांसमोर मला बजावले की, अशा माणसांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीसारख्या भावनांशी निगडित भाग, दुसऱ्याच्या भीतीला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्क दुबळा असतो, म्हणून तुम्ही वेडेपणाचाच बचाव घ्या.

मी तो घेतला नाही. तेव्हाचे भारतीय दंड संहितेचे कलम ८४, म्हणजे आजच्या न्याय संहितेचे कलम २२, आरोपीला कळवळा वाटला का हे विचारतच नाही. मनोविकृतीमुळे कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा असल्याचे कळण्यास तो त्या क्षणी असमर्थ होता का, एवढेच विचारते, आणि ते शाबीत करण्याचा भार पुरावा कायदा आरोपीवर टाकतो. सरकार पक्षाच्या पुराव्यानुसार ज्याने कपडे जाळले, कोयता विहिरीत टाकला आणि मयत पंढरपूरला गेल्याची थाप मारली, त्याला काही कळत नव्हते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? शिवाय साडू सांगत होते ते निष्कर्ष गटांच्या सरासरीचे. एका माणसाच्या फिल्मवरून त्याची सदसद्विवेकबुद्धी वाचता येत नाही. मी परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीवर लढलो. जन्मठेप झाली, आणि स्कॅन लावला असता तर पोरगा सुटला असता, हे साडू आजही प्रत्येक लग्नात ऐकवतात.

अमेरिकेत २००९ साली ब्रायन ड्यूगन या सायकोपॅथ खुन्याच्या खटल्यात मेंदूच्या स्कॅनवर तज्ज्ञाची साक्ष झाली, तरी ज्यूरीने मृत्युदंडच दिला.

मेंदूतील गाठीमुळे वर्तन अचानक बदलले, तर गोष्ट निराळी. शिक्षेच्या प्रमाणाचाही प्रश्न वेगळा आहे: २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात काल्पनिक खटल्यात जैविक कारण कळल्यावर न्यायाधीशांनी सुचवलेली शिक्षा सरासरी सुमारे वर्षभराने घटली. आपल्याकडेही २०२२ च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीचा विचार करताना आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल मागवण्यास सांगितले. तशी वेळ आली असती, तर साडूंचा अहवाल मी स्वतःच मागितला असता. पण आमच्या खटल्यात सरकार पक्षाने फाशी मागितलीच नव्हती.