लेव्हॉन हेल्म कोण होता? ड्रम वाजवताना तो गायचा कसा?

१९४० साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, कापूस पिकवणाऱ्या घरात जन्म. पुढे ‘द बँड’ या रॉक गटाचा ड्रमर. चार कॅनेडियन आणि हा एकटा अमेरिकन, पण त्या गाण्यांतली दक्षिणेची माती त्याच्याच गळ्यातली!

१९६५ मध्ये गायक बॉब डिलनच्या साथीला असताना प्रेक्षकांच्या हुर्योला वैतागून त्याने सरळ दौरा सोडला आणि मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवर कामाला लागला. १९६७ मध्ये परतला.

गाताना मान एका बाजूला माइककडे वळलेली, हात मात्र निवांत ठेक्यात. ड्रमचा आवाज ठसठशीत, जरा बसका; उगाच करामती नाहीत. शब्दांना जागा सोडून वाजवणं ही त्याची खरी कमाल, असं माझं मत. मेंडोलिनही झकास वाजवायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी घशाचा कर्करोग झाला, आवाज गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी आपल्या घरालगतच्या स्टुडिओतच त्याने मैफली सुरू केल्या. हळूहळू आवाज परतला, थोडा खरखरीत. २००७ च्या ‘डर्ट फार्मर’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं, नंतर आणखी दोन अल्बमना. एप्रिल २०१२ मध्ये तो गेला. ऐकायला सुरुवात ‘डर्ट फार्मर’पासूनच करा.